उन्माद, मधुमेह आणि घरचें माणूस

कळंबोली हें नांव उच्चारिलें म्हणजे आज मुंबईकराच्या डोळ्यांपुढें द्रुतगतिमार्गाचें तोंड आणि लोखंड-पोलादाचा बाजार हीं दोनच चित्रें उभीं राहतात. परंतु दोन पिढ्यांपूर्वीं पनवेल तालुक्याचा हा भाग भातखाचरांचा आणि खाडीचा मुलूख होता, व आगरी, कोळी, कराडी वगैरे लोक त्यावर निर्वाह करीत. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठीं पंचाण्णव गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें, आणि १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जमिनीच्या मोबदल्यासाठीं जें आंदोलन झालें त्यांत गोळीबार होऊन पांच जण प्राणांस मुकले. हा राजकीय इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून निराळा, पण त्याच भूमीवरचा आहे. चिखलांत उभा राहून लावणी करणारा माणूस दुकानांत, कचेरींत, रिक्षांत बसूं लागला. घाटावरून, मराठवाड्यांतून, उत्तर हिंदुस्थानांतून लोखंड उचलण्यास व मालमोटारी हांकण्यास आलेलीं कुटुंबें दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहूं लागलीं. अशा एखाद्या बिऱ्हाडांत विशींतल्या मुलास उन्माद होतो आणि तिशी ओलांडतांना त्यासच मधुमेह जडतो. त्याच्यासाठीं आपणापाशीं कोणती विद्या व कोणता अनुभव सांठलेला आहे, याचा मागोवा घ्यावा एवढाच येथें हेतु आहे.

उन्माद हा शब्द डॉक्टर ज्यास सायकोसिस म्हणतात त्या अर्थीं येथें योजिला आहे. नसलेले आवाज ऐकूं येणें, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी पक्की समजूत होणें, विचारांची सांगड सुटणें, हीं त्याचीं लक्षणें; स्किझोफ्रेनिया हा त्यांतला मुख्य विकार. ज्यास हा विकार आहे त्यास मधुमेह होण्याचा संभव इतरांच्या दुपटी-तिपटीनें असतो, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. तीव्र मानसिक विकार असलेल्या माणसांचें आयुष्य सामान्यांपेक्षां दहा ते वीस वर्षांनीं कमी भरतें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. यांत आत्महत्येचा वांटा आहेच. परंतु मोठा वांटा हृदयविकार, मधुमेह अशा देहाच्या रोगांचा आहे. आप्तेष्टांस ज्या रोगाची धास्ती वाटते त्यापेक्षां, ज्याकडे कोणाचें लक्ष नसतें तोच अधिक माणसें नेतो.

पनवेलकरांस या इतिहासाचा आरंभ दूर शोधावयास नको. १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं पनवेलीस श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. म्हणजे ज्या काळीं कळंबोलीच्या लोकांस पाश्चात्य वैद्यकाचा वारा फारसा लागला नव्हता, त्या काळीं कोसाभरावर चरक-सुश्रुतांची परंपरा यंत्रांवर चढूं लागली होती. या परंपरेंत एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानांत अवघे आठ अध्याय आहेत; त्यांतला चौथा प्रमेहाचा व सातवा उन्मादाचा. या दोन रोगांचा कांहीं संबंध आहे असें चरकानें म्हटलेलें नाहीं, व तें त्याच्या तोंडीं घालण्याचा मोह आवरलेला बरा. मात्र दोन्ही रोग एकाच वैद्यानें, एकाच पोथींतून, एकाच माणसाचा आहार, झोंप, शोक आणि संवय विचारून ओळखावयाचे, हें तेथें गृहीत धरलेलें आहे.

सुश्रुताचें प्रमेहचिकित्सेचें प्रकरण तर आजच्या डॉक्टरांनीं मुद्दाम वाचावें असें आहे. तेथें सर्वांस एकच उपाय सांगितलेला नाहीं. ज्याच्यापाशीं धन नाहीं व आप्त नाहींत त्यानें वहाण व छत्री टाकून, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र मुक्काम करून शंभर योजनें चालत जावें. कोणी गाईंबरोबर हिंडावें. कोणी विहीर खणावी. आणि जो कृश आहे त्याचें मात्र रक्षण करावें, त्यास दमवूं नये. रोग एक, परंतु उपाय रोग्याचें घर, धंदा, ऐपत व अंगकाठी पाहून ठरवावयाचा! आज हे उपाय जसेच्या तसे उचलणें वेडेपणाचें होईल. मधुमेह्याच्या पायाची संवेदना मंदावते व लहानशी जखम चिघळून पाय कापण्याची पाळी येते, म्हणून अनवाणी चालूं नये हाच आजचा पहिला नियम आहे. शिवाय कोणी काय करावें याची वांटणी त्या काळच्या वर्णव्यवस्थेस धरून केलेली आहे. तरीही उपचार माणसाच्या बेतानें कापावा लागतो ही जाण तेथें स्पष्ट दिसते. उन्मादाच्या प्रकरणांत चरक रोग्याची समजूत घालावी, त्यास धीर द्यावा असें सांगतो; आणि तोच त्यास भिवविण्यास, बांधण्यास, अंधाऱ्या खोलींत कोंडण्यासही सांगतो. प्राचीनांचा अभिमान वाहणाऱ्यांनीं हाही भाग डोळ्यांआड करूं नये.

इंग्रजी अमदानींत हे दोन अध्याय एका पोथींतून निघून दोन इमारतींत गेले. मुंबईस कुलाब्याचें वेड्यांचें इस्पितळ १८२६ चें. नागपूरचें १८६४ चें, रत्नागिरीचें १८८६ चें, आणि पनवेलच्या लोकांस आजही जवळचें वाटणारें ठाण्याचें १९०१ चें. १८५८ चा कायदा आणि त्याच्या जागीं आलेला १९१२ चा कायदा, या दोहोंची भाषा कोंडून ठेवण्याची आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाची होती. घरच्या माणसाचें काम रोग्यास फाटकापर्यंत आणून सोडण्याचें. पुढें त्यानें काय खावें, कोणाशीं बोलावें, केव्हां निजावें, हें सरकारनें पाहावयाचें. १९४६ च्या भोर समितीसाठीं कर्नल मूर टेलर यांनीं देशांतल्या मानसरुग्णालयांची पाहणी केली, तेव्हां अवघ्या हिंदुस्थानास मिळून सुमारें दहा हजार खाटा निघाल्या, आणि बहुतेक ठिकाणची अवस्था त्यांस शोचनीय दिसली. उरलेले असंख्य रोगी अर्थातच घरीं, देवळांत किंवा रस्त्यावर होते.

याच काळांत विलायतेंत एक विचक्षण माणूस निराळेंच पाहत होता. हेन्री मॉड्स्ले यानें १८७९ सालीं लिहून ठेविलें कीं, ज्या घराण्यांत वेड आढळतें त्या घराण्यांत मधुमेहही वारंवार दिसतो. उन्मादावरील आजचें एकही औषध तेव्हां अस्तित्वांत नव्हतें, म्हणून या निरीक्षणास महत्त्व आहे. हल्लीं ‘गोळ्यांमुळें साखर झाली’ असें म्हणून मोकळें होण्याची रीत पडली आहे. गोष्ट तेवढी सोपी नाहीं. वंश, दारिद्र्य, बैठें जिणें, तंबाखू आणि एकाकीपणा हींही त्या खात्यावर मांडावीं लागतात.

यापुढचें प्रकरण वैद्यकाच्या इतिहासांतलें अत्यंत चमत्कारिक प्रकरण आहे. १९२२ च्या जानेवारींत टोरॉन्टो येथें एका मधुमेही मुलास इन्शुलिनची पहिली सुई टोंचण्यांत आली आणि मरणाच्या दारांतलीं मुलें परत येऊं लागलीं. पुढें दहा-अकरा वर्षांनीं, १९३३ सालीं, व्हिएन्नाच्या मान्फ्रेड साकेल यानें तेंच इन्शुलिन स्किझोफ्रेनियावर चालविलें; मात्र साखर सुधारण्यासाठीं नव्हे, तर ती मुद्दाम खालीं उतरवून रोग्यास बेशुद्ध पाडण्यासाठीं! पहांटे उपाशीपोटीं सुई द्यावयाची. रोगी घामानें निथळून, तळमळून बेशुद्धींत जाई. मग नाकांतील नळीवाटे साखरेचें पाणी घालून त्यास शुद्धीवर आणावयाचें. आणि असें आठवड्यांतून पांच-सहा दिवस, कित्येक आठवडे. कांहीं रोगी शुद्धीवर आलेच नाहींत. हिंदुस्थानांतील मोठ्या मानसरुग्णालयांतही ही पद्धति आली. १९५३ सालीं हॅरॉल्ड बोर्न या तरुण डॉक्टरानें हें सारें थोतांड आहे असें लिहिलें, तेव्हां ज्येष्ठांनीं त्यास धारेवर धरिलें. परंतु १९५७ सालीं लंडनमध्यें इन्शुलिनची बेशुद्धि आणि दुसऱ्या औषधानें आणलेली साधी गुंगी यांची रीतसर तुलना झाली, आणि दोहोंत फरक निघाला नाहीं. मग इतकीं वर्षें कांहीं रोगी सुधारत कां होते? पुष्कळांनीं दिलेलें उत्तर असें कीं, या उपचारासाठीं निवडक रोगी घेत, त्यांस वेगळ्या दालनांत ठेवीत, आणि एकेका रोग्याच्या उशाशीं परिचारिका तासन्‌तास बसून असे. त्यास नांवानें हांक मारी, घाम पुशी, गोड पाणी पाजी. वर्षानुवर्षें कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या माणसास एकाएकीं कोणी पाहूं लागलें होतें.

इकडे आपल्या देशांत सर्पगंधेचा शोध याच सुमारास लागत होता. शोध म्हणणेंही चूकच. बिहारकडे ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जात असे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग नोंदविला. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरचा आपला अनुभव इंग्लंडच्या मासिकांत छापिला, आणि मग जगाचें लक्ष गेलें. परंतु १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण दिसून आला, व त्यानें सर्पगंधेस उन्मादाच्या क्षेत्रांतून मागें सारिलें. साखळदंड सुटले ते मुख्यतः या औषधांनीं. क्लोझापीन व ओलान्झापीन हीं त्यानंतरच्या पिढीचीं औषधें. त्यांतलें क्लोझापीन तर दुसरें कोणतेंही औषध लागू पडत नाहीं तेथें लागू पडतें. त्यांचें मोल मोठें, आणि त्यांची किंमतही मोठी! वजन झपाट्यानें वाढतें, भूक आवरत नाहीं, साखर चढते. अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं २००३ सालीं या वर्गांतील औषधांच्या माहितीपत्रकावर मधुमेहाचा इशारा छापण्यास लाविलें. आणि २००४ सालीं तेथील मधुमेहाच्या व मानसरोगांच्या तज्ज्ञांनीं एकत्र बसून असें ठरविलें कीं, औषध सुरू करतांना व पुढें ठराविक मुदतीनें वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तांतली चरबी पाहिलीच पाहिजे. येथें एक सूचना अवश्य करावीशी वाटते. हें वाचून कोणी आपल्या माणसाची गोळी बंद करूं नये. एकाएकीं बंद केलेल्या गोळीनें परत आलेला उन्माद साखरेपेक्षां लवकर घात करतो; औषध बदलावयाचें कीं मात्रा, हें डॉक्टरांशीं बोलून ठरतें.

विलायती तक्ते आपल्या अंगास कितपत लागू पडतात, याचें एक उदाहरण पुण्याचें आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. इंग्रज अर्भकाच्या मानानें आपलें अर्भक वजनानें हलकें, परंतु त्याच्या अंगांत चरबीचें प्रमाण अधिक, असें त्यांस आढळलें. २००४ सालीं त्यांनीं आपलें व आपल्या इंग्रज मित्राचें छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्यें छापिलें. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचा अगदीं एक, २२.३, परंतु इंग्रजाच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, आणि याज्ञिकांच्या अंगांत २१.२! तेव्हां ‘मुलगा तर सडपातळ आहे, त्यास कशाची साखर?’ हें घरच्यांचें समाधान खोटें आहे. विलायती तक्ता पुढें धरून डॉक्टर तेंच समाधान करून घेतील तर तेंही खोटेंच.

आतां कळंबोलीच्या त्या बिऱ्हाडाकडे परत येऊं. मुलगा सारखें पाणी पितो, रात्रींतून पांच वेळां उठतो. उन्मादाच्या रोग्यांत उगीचच पाणी पीत राहण्याचा एक प्रकार आहे, म्हणून घरचे म्हणतात, ‘त्याचें डोकें फिरलें आहे’. वस्तुतः ती मधुमेहाची तहान असते. उलट, मधुमेहाची गोळी घेऊन त्यानें चतुर्थीचा उपास केला, दुपारपर्यंत पोट रिकामें, साखर उतरली, हात थरथरले, घाम फुटला, तो भलतेंच बोलूं लागला. घरचे म्हणतात, वेड उलटलें. शेजारीण म्हणते, बाहेरचें कांहीं लागलें. आणि चमचाभर साखर कोणी तोंडांत घालीत नाहीं. संध्याकाळीं उपास सुटतो तो साबुदाण्याच्या खिचडीवर व बटाट्यावर, आणि साखर उतरली होती तशीच उंच चढते. हीच चूक शिकलेल्यांच्या हातूनही होते: माणसाच्या कागदावर एकदां ‘मानसरोगी’ असें लिहिलें गेलें कीं, त्याची प्रत्येक तक्रार मनाच्याच खात्यावर जमा होते. आणखी एक गुंता. ज्यास अन्नांत विष कालवलें आहे असें वाटतें त्यास रोज सुई टोंचून घे असें सांगणें किती अवघड! मग भाजींत गोळी चुरडून घालण्याची युक्ति निघते. ती एक दिवस उघडकीस येते, आणि विष असल्याचा त्याचा संशय घरच्यांनींच खरा करून दाखविलेला असतो.

लोकांचे आचार ओळखून उपचार करणें म्हणजे काय, हें अशा ठिकाणीं कळतें. आगरी घरांत तांदळाची भाकरी, भात व सुकी मासळी हें जेवण. तेथें विलायती धान्याचा तक्ता भिंतीस चिकटवून उपयोग नाहीं. मासळी तशीच ठेवून ती तळण्याऐवजीं कालवणांत घाला, भात अर्ध्यावर आणा, डाळ व पालेभाजी वाढवा, चहांतली साखर आधीं निम्मी करा, असें सांगितलें तर तें ऐकलें जाण्याचा संभव असतो. उपास सोडा असें सांगण्यापेक्षां, उपासाच्या दिवशीं कोणती गोळी घ्यावयाची नाहीं तें आदल्या दिवशीं विचारून घ्या, असें सांगणारा डॉक्टर अधिक शहाणा. प्रसादास नाहीं म्हणवत नाहीं. पण कणभर घेतल्यानेंही तो घेतलाच जातो, हें धर्म जाणणारा कोणीही मान्य करील. साखरेचा रोग चारचौघांत सांगण्यासारखा झाला आहे, वेडाचा अद्याप झालेला नाहीं. म्हणून लग्नाच्या मुलीच्या घरीं डोक्याची गोळी साखरेच्या डब्यांत लपते. हें गुपित डॉक्टरांनीं फोडूं नये, परंतु तें आहे हें त्यांस ठाऊक असावें.

आपल्या देशाचा अनुभव जेथें जगास सांगण्याजोगा आहे तें ठिकाण म्हणजे कुटुंब. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मानसरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं आवारांत तंबू ठोकून रोग्यांबरोबर त्यांच्या नातलगांस राहावयास बोलाविलें. रोगी लवकर बरे होऊन घरीं जाऊं लागले, आणि नातलगही रोग समजून घेऊन गेले. शंभर वर्षें फाटकाबाहेर ठेवलेलें माणूस आंत आलें! पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची पाहणी केली, तींत आग्रा हें आपलें केंद्र होतें. आणि श्रीमंत देशांपेक्षां आपल्याकडील रोग्यांची पुढची वाटचाल बरी, असें निघालें. या निष्कर्षावर पुढें वाद झाले, आणि तो कुटुंबाचाच गुण असें छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं. कारण याच देशांत पुढच्या काळांतही श्रद्धास्थानीं रोग्यांस सांखळ्यांनीं बांधून ठेवीत होते. तमिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं लागलेल्या आगींत असे अठ्ठावीस रोगी जागच्या जागीं जळाले. त्यांस तेथें आणून सोडणारेही कुटुंबीयच होते.

साताऱ्याकडील फलटण येथें महानुभाव पंथाच्या देवळांत अशा रोग्यांस घेऊन कुटुंबें राहतात. व्हीडा स्कल्टन्स या विलायतेंतील मानवशास्त्रज्ञ बाईंनीं तेथें राहून जें पाहिलें तें १९८७ सालीं प्रसिद्ध केलें. रोगी बहुधा मुलगा किंवा नवरा असे. परंतु देवापुढें अंगांत येई तें बरोबर आलेल्या आईच्या किंवा बायकोच्या. त्याची पीडा माझ्यावर यावी, असें तिचें मागणें असे. हें वाचल्यावर मन क्षणभर स्तब्ध होतें. ‘घराचा आधार’ असें ज्यास आपण म्हणतों तें बहुतेक ठिकाणीं एकच माणूस असतें, आणि तें बाई असतें. २००४ च्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटांतही स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाचा भार बहिणीवरच पडलेला आहे. तीच गोळ्या देते, तीच रांधते, घरांतले सगळे उपास तीच करते, सर्वांमागून उरलेला भात खाते. पन्नाशीच्या आंतबाहेरच्या अशा बाईस स्वतःस मधुमेह नसेल तरच नवल; कारण २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें या देशांत दहा कोटींहून अधिक लोकांस तो आहे. पण तिची साखर तपासण्याचें कोणास सुचत नाहीं. ती तर रोग्याबरोबर आलेली असते!

२०१७ चा मानसिक आरोग्य-सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आला. मनाच्या रोगास देहाच्या रोगाच्या बरोबरीनें वागवावें असें तो सांगतो; रोग्यास सांखळीनें बांधण्यास बंदी करतो; आणि आपल्या वतीनें बोलणारें माणूस निवडण्याचा हक्क रोग्यासच देतो. १९१२ च्या कायद्यापुढें हा ठेवून वाचिला म्हणजे शतकांत केवढें अंतर तोडलें गेलें तें दिसतें. तें अंतर कागदावरून उतरण्यास अवकाश आहे. कळंबोलीस महात्मा गांधी मिशनचें रुग्णालय आहे, शेजारीं कामोठ्यास त्यांचें वैद्यकीय महाविद्यालय आहे. ठाणें दूर नाहीं. रायगड जिल्ह्यांतच कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस उचलून आणते, बरें करते, आणि त्यांच्या मुलुखांत घरीं पोंचविते; या कामासाठीं त्यांस २०१८ चें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तेव्हां या भागास सोयींचें अगदींच दुर्भिक्ष आहे असें म्हणवत नाहीं. उणीव आहे ती दोन दालनांच्या मधल्या वाटेची. एका दालनांत गोळीची मात्रा विचारतात, दुसऱ्यांत साखरेचा आंकडा. आणि दोन्ही ठिकाणचे कागद पिशवींत घालून या दालनांतून त्या दालनांत जाते ती तीच बाई. पहिल्या दालनांत वजनाचा कांटा व साखर पाहण्याचें यंत्र ठेवणें, दुसऱ्यांत ‘झोंप कशी लागते, आवाज ऐकूं येतात का’ असें विचारणें, आणि दोहोंपैकीं एका ठिकाणीं तरी त्या बाईस खुर्ची देऊन तिचें बोट टोंचून पाहणें, यास नवी इमारत लागत नाहीं.